विजेच्या तारेचा उंबरठा

घरातील तारा विजेच्या पेटीत शिरतात त्या जागेचा अभ्यास

झाशी शहराच्या जुन्या वस्तीभोवती दगडी कोट आहे. इ. स. १७४२ मध्ये नारोशंकर मराठ्यांचा सुभेदार म्हणून येथे आला आणि पुढील मराठी अमदानीत किल्ल्याखालची ही वस्ती वाढत गेली. कोटाच्या पुष्कळ भागाला आज घरे येऊन भिडली असली, तरी खंडेराव दरवाजा, दतिया दरवाजा, ओरछा दरवाजा, लक्ष्मी दरवाजा ही नावे लोकांच्या तोंडी कायम आहेत. भिंत कितीही रुंद असली तरी तीत जेथे वाट ठेवावी लागते तेथे ती दुबळी होते, ही गोष्ट कोट बांधणाऱ्यांना पक्की ठाऊक असते. म्हणूनच कोणत्याही कोटाच्या दरवाजापाशी दगडकाम, लोखंड आणि पहारा यांची योजना सर्वांत अधिक केलेली आढळते.

घरातील विजेच्या तारांची स्थिती काहीशी अशीच असते. पाईपमधून किंवा लाकडी पट्टीवरून जाणारी तार भिंतीवर सुरक्षित असते. बटणांच्या पेटीत तिचे टोक स्क्रूखाली आवळले म्हणजे तेथेही ती सुरक्षित असते. परंतु पाईप संपतो आणि पेटी सुरू होते त्या भोकापाशी तार एका आश्रयातून दुसऱ्या आश्रयात जाते. या जागेला तारेचा उंबरठा म्हणता येईल. घरमालकाचे लक्ष बटणे आणि दिवे यांच्याकडे जाते, उंबरठ्याकडे सहसा जात नाही. आणि विजेचे पुष्कळसे दोष येथेच जन्म घेतात. या पाठात या जागेचाच विचार करावयाचा आहे.

पेटीचे प्रयोजन

विजेची तार अखंड असते तोवर तिच्यावरील निरोधक आवरण माणसाचे रक्षण करते. परंतु दिवा, पंखा किंवा बटण जोडावयाचे झाल्यास कोठे तरी हे आवरण काढून तांबे उघडे करावे लागते. असे उघडे जोड झाकण्यासाठी पेटी असते. तिची कामे तीन. पहिले, उघड्या तांब्याला कोणाचा हात लागू न देणे. दुसरे, जोडापाशी ठिणगी पडलीच तर ती पडदा, लाकूड, कागद यांपर्यंत पोहोचू न देणे. तिसरे, धूळ, पाणी, मुंग्या आणि पाली यांना जोडापासून दूर ठेवणे.

ही तिन्ही कामे बंद पेटी उत्तम प्रकारे करते. मात्र तार आत घेतल्याशिवाय पेटीचा उपयोग नाही, आणि तार आत घ्यावयाची तर भोक पाडावे लागते. यास्तव बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या पेट्यांवर गोल चकत्या अर्धवट कापून ठेवलेल्या असतात. हवी ती चकती ठोकून पाडली की भोक तयार होते. कारागीर अशा चकतीला नॉकआउट म्हणतात. भोक पाडणे हे क्षणाचे काम होय. त्या भोकातून जाणारी तार पुढे वीस-तीस वर्षे जागची न हलेल अशी व्यवस्था करणे हे खरे कौशल्य.

झाशीतील जुन्या घरांत हे कौशल्य डोळ्यांनी पाहण्याची सोय आहे. तेथील दगडचुन्याच्या जाड भिंती खोदून पाईप पुरणे अवघड असते. म्हणून अशा भिंतींवर तारा बाहेरूनच, प्रथम सागवानी पट्ट्यांवर आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या झाकणपट्ट्यांतून नेण्याचा प्रघात पडला. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांतही हाच प्रकार दिसतो. अशा घरात तार पेटीत कोठे आणि कशी शिरते हे खुर्चीवर बसल्या जागी दिसते.

तार स्वस्थ नसते

एकदा बसवलेली तार जागच्या जागी पडून राहते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तार सतत थोडीथोडी हलत असते. याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण उष्णता. तांब्याची १ मीटर लांबीची तार १ अंश सेल्सिअस तापली तर सुमारे ०.०१७ मिलिमीटरने वाढते. ही वाढ नगण्य वाटते. परंतु झाशीत पौष-माघातील पहाट ५ अंशांच्या आसपास जाते, आणि मे २०२४ च्या अखेरीस तेथील पारा ४९ अंशांपर्यंत चढला होता. तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर १० मीटर तारेची लांबी ६.८ मिलिमीटरने बदलते. प्लॅस्टिकच्या पाईपचे प्रसरण तांब्याच्या सुमारे चौपट असते. त्यामुळे ३ मीटरचा पाईप तेवढ्याच फरकाने सुमारे ८ मिलिमीटर लांब-आखूड होतो. पाईपचे टोक पेटीत नुसते खोचून ठेवले असेल तर काही उन्हाळ्या-हिवाळ्यांनंतर ते पेटीबाहेर येते, आणि दोहोंमधील फटीत तार उघडी पडते.

दुसरे कारण कंप. छताचा पंखा, पाण्याचा पंप, कूलर यांचा थरकाप तारेपर्यंत पोहोचतो. तिसरे कारण वजन. वरच्या मजल्याकडून सरळ खाली येणाऱ्या तारेचे सर्व वजन तिच्या वरच्या टोकावर लोंबते. चौथे कारण माणूस. बटण बदलण्यासाठी बोर्ड पुढे ओढला जातो, इस्त्रीचा प्लग दोरीला धरून उपटला जातो, रंग देणारा कारागीर तार बाजूला सारतो. पाचवे कारण उंदीर, खारी आणि माकडे. गच्चीवरून जाणाऱ्या तारेला माकडाने दिलेला हिसका सरळ पेटीपर्यंत येतो.

या साऱ्या ओढींचा शेवट कोठे होतो? उंबरठ्यावर तार पक्की धरलेली असेल तर ओढ तेथेच थांबते. तशी धरलेली नसेल तर ती आत जाते आणि स्क्रूखाली आवळलेल्या टोकावर येऊन पडते. त्या स्क्रूची रचना प्रवाह वाहून नेण्यासाठी केलेली असते, वजन पेलण्यासाठी नव्हे. ओढ दारातच थांबली पाहिजे, हे या विषयाचे मुख्य सूत्र होय.

धारदार कड

घरातील दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवरील प्लॅस्टिकच्या आवरणाची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर असते. एवढ्या पातळ थराच्या एका बाजूस २३० व्होल्टचा दाब आणि दुसऱ्या बाजूस लोखंडी पेटी असते. चकती पाडताना भोकाच्या कडेवर बारीक धारदार कंगोरे राहतात. त्यांवर तार वर्षानुवर्षे घासत राहिली की आवरणावर प्रथम रेघ उमटते, मग खाच पडते, आणि अखेरीस तांबे लोखंडाला टेकते.

उन्हाळ्यात या कामास वेग येतो. सामान्य प्लॅस्टिक आवरणाच्या तारेतील तांब्याचे तापमान ७० अंशांवर जाऊ नये अशी मर्यादा घातलेली असते. भोवतालची हवाच ४५ अंशांची असेल तर तारेला स्वतः तापण्यासाठी केवळ २५ अंशांचा अवकाश उरतो. तापलेले प्लॅस्टिक मऊ होते, आणि मऊ वस्तूत धार लवकर रुतते. म्हणून तार पत्र्याच्या कडेवर उघडी टेकू न देणे हा उंबरठ्याचा दुसरा नियम होय. रबराची किंवा प्लॅस्टिकची गोल कडी भोकात बसवली म्हणजे हा नियम पाळला जातो. बाजारात तिला ग्रोमेट किंवा बुश म्हणतात. तिची किंमत पेटीच्या मानाने अगदी क्षुल्लक असते, आणि बहुधा म्हणूनच ती गाळली जाते.

सैल जोडाची उष्णता

ओढीमुळे स्क्रूखालचे टोक सैल झाले तर काय होते, याचा हिशेब शाळेत शिकवल्या जाणाऱ्या जूलच्या नियमाने करता येतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, एवढी उष्णताशक्ती रोधात प्रकट होते.

समजा, पाणी तापवण्याचा २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर चालू आहे. त्यातून सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो आणि त्याचा रोध सुमारे २६.५ ओहम असतो. जोड पक्का असेल तर त्याचा स्वतःचा रोध इतका अल्प असतो की तो हिशेबात धरावा लागत नाही. आता टोक सैल होऊन त्या एका ठिकाणी अर्ध्या ओहमचा रोध निर्माण झाला असे मानू. एकूण रोध वाढल्याने प्रवाह ८.५ अँपिअरपर्यंत उतरेल. मात्र सैल जागी ८.५ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ३६ वॉट उष्णता सतत निर्माण होत राहील. रेडिओच्या तारांना डाख लावण्याचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते. त्याहून अधिक उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत, बंद पेटीच्या आत, प्लॅस्टिकला लागून कोंडली जाते.

या उदाहरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रवाह वाढलेला नाही. उलट तो किंचित् कमी झाला आहे. वितळतार किंवा तिच्या जागी आलेला स्वयंचलित खटका, ज्याला बाजारात एमसीबी म्हणतात, तो वाढलेल्या प्रवाहावर नजर ठेवतो. सैल जोडाच्या उष्णतेचा त्याला पत्ताही लागत नाही. दिव्याचे फडफडणे, बटणातून येणारी चरचर, बोर्डावर पडलेला तांबूस-काळा डाग आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास एवढ्याच त्याच्या खुणा असतात. घरात एमसीबी बसवले म्हणजे आता काळजी नको, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

कूलर हीही एक पेटीच

बुंदेलखंडात होळी उलटली की घरोघरी कूलर पुसूनपासून खिडकीशी मांडले जातात. पत्र्याचे चौकोनी अंग, तीन बाजूंस वाळ्याच्या किंवा लाकडाच्या तुसाच्या ताट्या, तळाशी पाणी, आत पंखा आणि लहानसा पंप अशी त्याची रचना असते. विजेच्या दृष्टीने पाहता ही एक मोठी लोखंडी पेटीच होय. तीत तार शिरते, आणि जेथे शिरते तेथे बहुधा पत्र्याला पाडलेले एक उघडे भोक असते.

या एका भोकापाशी वर सांगितलेली सर्व कारणे एकत्र येतात. पंख्याचा थरकाप दिवसरात्र चालू असतो; पत्र्याची कड धारदार असते; हवा तापलेली असते; कूलर सरकवताना दोरीला हिसका बसतो; आणि खाली पाणी असते. आवरण कापले जाऊन तांबे पत्र्याला टेकले की कूलरचे सारे अंग विद्युत्‌युक्त होते. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणाऱ्या माणसाच्या शरीरातून मग प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची वाट मिळते.

अशा वेळी रक्षण करते ते भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग. धातूचे अंग तारेने जमिनीत पुरलेल्या नळीला किंवा पत्र्याला जोडलेले असते. तांबे अंगाला टेकताच मोठा प्रवाह या वाटेने जमिनीत जातो आणि खटका पडतो. परंतु जमिनीचा रोध किती, यावर सर्व अवलंबून आहे. हा रोध १ ओहम असेल आणि इतर रोध सोडून दिले, तर २३० अँपिअर प्रवाह वाहून १६ अँपिअरचा खटका तत्काळ पडेल. हाच रोध १० ओहम असेल तर केवळ २३ अँपिअर वाहतील. ते १६ च्या सुमारे १.४४ पट होतात. घरगुती खटक्यांच्या मानकाप्रमाणे १.४५ पट प्रवाहालाही खटका पडण्यास एक तासापर्यंत अवधी लागू शकतो. तोवर कूलरचे अंग जिवंत राहील!

झाशीच्या आसपास ग्रॅनाइट खडक जागोजागी जमिनीच्या अगदी वर आलेला आहे. खडकाळ आणि कोरडी जमीन विजेला सहज वाट देत नाही. आणि ती सर्वांत कोरडी असते ती नेमकी कूलर चालण्याच्या दिवसांत. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालण्याची व उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची रीत यासाठीच पडली आहे. याच्या जोडीला, जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहांतील फरक ओळखणारा खटका बसवणे हा आजचा उत्तम उपाय होय. बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात. घरगुती उपयोगाचा असा खटका ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या हिश्शाच्या तिप्पट, प्रवाह बाहेर गळू लागताच क्षणार्धात वीज तोडतो. तरीही हे सारे दुसऱ्या फळीचे पहारेकरी आहेत. पहिली फळी म्हणजे तो ग्रोमेट आणि ती पकड.

पकडीचे प्रकार

तार पेटीपाशी धरण्याच्या रीती पेटीच्या आणि तारेच्या जातीप्रमाणे बदलतात. मात्र प्रत्येक रीतीत तीच तीन कामे असतात: ओढ थांबवणे, कड झाकणे आणि उरलेली फट बुजवणे.

सर्वांत जुनी रीत गाठीची. छतापासून लोंबणाऱ्या दिव्याच्या दोन तारांना सीलिंग रोझच्या आत एक विशिष्ट गाठ मारीत असत. दिव्याचे आणि काचेच्या शेडचे वजन गाठ अडून पेलले जाई; स्क्रूंवर त्याचा भार येत नसे. आजही काही जुन्या वाड्यांत अशी गाठ सापडते.

सागवानी पट्टीवर नेलेली तार पत्र्याच्या लहान क्लिपांनी धरलेली असते. आडव्या तारेत साधारण १० सेंटिमीटरवर आणि उभ्या तारेत १५ सेंटिमीटरवर एक क्लिप असावी असा दंडक आहे. अशी तार पेटीत नेताना तिचे बाहेरचे जाड आवरण भोकातून सुमारे १ सेंटिमीटर आत आलेले असले पाहिजे. ते बाहेरच सोलले तर आतील पातळ आवरणाच्या तारा थेट कडेवर टेकतात. ही चूक वारंवार आढळते.

लोखंडी पाईपाच्या टोकाला आटे पाडून तो भोकातून आत घेतात. पेटीच्या बाहेरून एक आणि आतून एक अशी दोन चपटी चाके आवळतात; त्यांना चेकनट म्हणतात. शेवटी पाईपच्या तोंडावर गुळगुळीत बुश चढवतात. प्लॅस्टिकच्या पाईपला हेच काम आट्यांचा जोडतुकडा करतो. पेटीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पाईप भिंतीला सॅडलने पक्का केला म्हणजे त्याची वाढ-घट पेटीवर येत नाही.

मीटरकडून येणाऱ्या जाड केबलसाठी ग्लँड वापरतात. तिचा नट फिरवला की आतील रबरी कडी केबलभोवती चहूकडून आवळली जाते. ओढ, कड आणि पाणी या तिन्हींचा बंदोबस्त एकाच वस्तूत होतो. कूलरच्या भोकालाही लहान प्लॅस्टिकची ग्लँड बसवता येते.

प्रत्येक घरात असलेले पकडीचे उदाहरण म्हणजे तीन पायांचा प्लग. त्याचे झाकण उघडले तर दोरी आत शिरते तेथे दोन स्क्रूंची आडवी पट्टी दिसते. तिच्याखाली दोरीचे बाहेरचे आवरण दाबले गेले पाहिजे, सुट्या तारा नव्हेत. तसेच अर्थची हिरवी तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी. कदाचित् पट्टी सुटून दोरी ओढली गेलीच, तर प्रवाहाच्या तारा प्रथम तुटतील आणि रक्षण करणारी तार सर्वांत शेवटी.

पकड घट्ट असावी, पण अतिघट्ट नसावी. प्लॅस्टिकचे आवरण सततच्या दाबाखाली हळूहळू बाजूला सरकते आणि आतील तांबे पकडीच्या धातूजवळ येते. तार ओढल्यास सरकू नये, मात्र तिचा गोल आकार चेपला जाऊ नये, हे प्रमाण होय. पेटीच्या आत साधारण १५ सेंटिमीटर तार मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे बटण बदलताना ती ताणावी लागत नाही. लोखंडी पेटीत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच भोकातून घ्याव्यात. त्या वेगवेगळ्या भोकांतून घेतल्यास मधल्या लोखंडात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि प्रवाह मोठा असेल तर त्याने पत्रा तापतो. न वापरलेली भोके बूच बसवून बंद करावीत.

नियमांची परंपरा

या गोष्टी कारागिराच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, हे विजेच्या दिव्यांच्या पहिल्या काही वर्षांतच ध्यानात आले. इ. स. १८८२ मध्ये लंडनमधील तारायंत्र व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने घरातील तारांविषयी पहिली नियमावली काढली. तिचा विषयच मुळी विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगींचा प्रतिबंध हा होता. अमेरिकेतील राष्ट्रीय विद्युत् संहिता १८९७ मध्ये आली. भारतात १९५६ चे विद्युत् नियम दीर्घ काळ लागू होते; त्यांची जागा पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी आणि त्यानंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली. तारा बसवण्याची पद्धत भारतीय मानक ७३२ मध्ये दिलेली आहे.

नियमांची भाषा रुक्ष असते. तिच्यामागील अनुभव रुक्ष नसतो. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. त्या रात्री दहा बालके दगावली, आणि वाचवलेल्यांपैकी आणखी काही पुढील दिवसांत गेली. प्राथमिक चौकशीत विजेचे शॉर्टसर्किट हे कारण सांगण्यात आले. त्यापूर्वी ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील अशाच कक्षात दहा बालकांचा मृत्यू झाला होता. तेथेही विजेचा दोषच पुढे आला. कोणत्या तारेच्या कोणत्या जोडाने या आगी लागल्या हे ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे, आणि येथे मांडलेल्या विवेचनावरून तसा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. परंतु विजेची आग बहुधा अगदी लहान जागेत सुरू होते, आणि ती डोळ्यांना दिसेपर्यंत तिचे अर्धे काम होऊन गेलेले असते, एवढे त्यांवरून निश्चित समजते. लहान जागेची काळजी ही लहान गोष्ट नव्हे.

घरमालकाने काय पाहावे?

पेटी उघडणे आणि तार जोडणे हे परवानाधारक तारतंत्र्याचे काम आहे. तोही मुख्य खटका बंद करून आणि वीज खरोखर गेली आहे याची चाचणी करूनच हात घालतो. घरातील माणसांनी पेटी न उघडता पुढील गोष्टी वर्षातून दोनदा, शक्यतो होळीनंतर आणि पावसाळ्यापूर्वी, पाहाव्यात.

१. पाईप किंवा पट्टी पेटीला भिडलेली आहे की मध्ये फट पडली आहे?
२. पेटीला एखादे उघडे भोक राहिले आहे काय?
३. बोर्ड किंवा प्लग वापरानंतर हाताला गरम लागतो काय? त्यावर डाग आहे काय?
४. प्लगपाशी दोरीच्या आतील रंगीत तारा बाहेर दिसतात काय?
५. कूलर, पंप, धुलाईयंत्र यांत दोरी शिरते तेथे रबरी कडी आहे काय?

कूलरमध्ये पाणी भरताना केवळ बटण बंद करून भागत नाही. बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असल्यास अंग जिवंतच राहते. म्हणून प्रथम प्लग काढावा, मग पाणी भरावे. नवे घर बांधताना किंवा तारा बदलताना तारतंत्र्याकडे चेकनट, बुश आणि ग्रोमेट यांची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. भिंतीला गिलावा झाल्यावर ही कामे दिसत नाहीत. म्हणून ती गिलाव्यापूर्वीच पाहून घ्यावीत. कोटाचा दरवाजा शत्रू येण्यापूर्वी तपासावा लागतो, तसाच हा उंबरठा.

वर्गात करावयाचा प्रयोग

या प्रयोगात विजेचा उपयोग करावयाचा नाही.

साहित्य: पत्र्याचा रिकामा डबा, खिळा, सुती दोरा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, लहान दगड, पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी.

कृती पहिली: शिक्षकांनी डब्याच्या बाजूला खिळ्याने एक भोक पाडावे. भोकाची कड हाताला कापू शकते, म्हणून विद्यार्थ्यांनी तिला स्पर्श करू नये. भोकातून दोरा ओवून त्याच्या खालच्या टोकाला दगड बांधावा आणि दोरा सावकाश पुढेमागे ओढावा. किती वेळा ओढल्यावर दोरा तुटतो ते मोजावे. नंतर भोकात ट्यूबच्या रबराचे अस्तर बसवून नव्या दोऱ्याने तीच कृती करावी. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत.

कृती दुसरी: खोक्याला भोक पाडून त्यातून दोरा आत घ्यावा आणि त्याचे टोक तळाशी चिकटपट्टीने चिकटवावे. बाहेरून ओढल्यास पट्टी उखडते. आता भोकाच्या आतल्या बाजूस दोऱ्याला जाड गाठ मारून पुन्हा तसेच करावे. गाठ भोकाशी अडते आणि पट्टीला ओढ लागत नाही. पहिल्या कृतीतील रबर आणि दुसऱ्या कृतीतील गाठ यांची कामे प्रत्यक्ष पेटीत कोणत्या वस्तू करतात, ते विद्यार्थ्यांनी सांगावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विजेच्या पेटीची तीन कामे कोणती? उघडे राहिलेले भोक त्यांपैकी कोणकोणत्या कामांत अडथळा आणते?
२. तांब्याची १५ मीटर तार ३० अंशांनी तापली तर तिची लांबी किती वाढेल?
३. १,००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर चालू असताना सैल जोडाचा रोध ०.५ ओहम असल्यास तेथे अंदाजे किती उष्णताशक्ती निर्माण होईल? खटका पडेल काय? कारण द्या.
४. प्लगमध्ये अर्थची तार इतर तारांपेक्षा लांब का ठेवावी?
५. आपल्या गावातील जमीन काळी, मुरमाड की खडकाळ आहे? अर्थिंगवर तिचा काय परिणाम होत असेल, ते लिहा.